खेळाडूंनी रचलेल्या मॅपची मतदान-स्पर्धा कशी घ्यावी

आमच्या इंदूरच्या वसाहतीत गणेशोत्सवात पाठांतर आणि रांगोळीच्या जोडीने माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग रचण्याच्या संगणकीय खेळातल्या मॅपचीही, म्हणजे मुलांनी रचलेल्या जगांचीही, स्पर्धा असते आणि तिच्या मतदानाचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. अशी स्पर्धा घेऊ पाहणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, मॅपची चित्रे ग्रुपवर टाका आणि ज्याला लाइक जास्त त्याला पहिला क्रमांक द्या. हा सल्ला मुळीच मानू नये. त्याने स्पर्धा मॅपची न राहता गोतावळ्याची होते. ज्याच्या घरी आत्या-मावश्या जास्त, त्याचा मॅप पहिला. मोठ्या प्रमाणावरही हेच घडते. २०२० मध्ये माइनक्राफ्टमध्ये कोणता नवा प्राणी यावा यासाठी ट्विटरवर मतदान झाले, तेव्हा एका लोकप्रिय यूट्यूबरने आपल्या चाहत्यांना चमकणाऱ्या स्क्विडला मत देण्याचे आवाहन केले. स्क्विड निवडून आला आणि तो स्वतःच्या गुणांवर आला की चाहत्यांच्या संख्येवर, हा वाद पुढे बराच काळ चालला.

विषय, मुदत आणि जगाचा कमाल आकार आधी जाहीर करावा. माइनक्राफ्टच्या जावा आणि बेडरॉक या दोन प्रकारांपैकी एकच निवडावा, कारण एकातले जग दुसऱ्यात थेट उघडत नाही. बहुतेक मुले मोबाइलवर खेळत असतील तर बेडरॉकला पर्याय नाही.

मुदत संपताच फाइली गोठवाव्यात. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइलमध्ये जरासा बदल झाला तरी बदलणारी, संगणकाने काढलेली अक्षर-अंकांची ओळ) काढून सर्वांसमोर ठेवला की नंतर ‘फक्त एक भिंत बदलली’ असे प्रकार होत नाहीत. प्रवेशिकांना नावाऐवजी क्रमांक द्यावेत आणि मॅपमधल्या पाट्यांवर रचनाकाराने स्वतःचे नाव लिहून ठेवले आहे का, हे प्रत्यक्ष आत फिरून पाहावे. मुले ते लिहितातच, आणि तेही पलंगाच्या मागच्या भिंतीवर.

आता खरी अडचण. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात तेव्हा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसापुढून त्या एकामागून एक जातात आणि त्याला सगळ्या दिसतात. मॅपच्या स्पर्धेत असे होत नाही. चोवीस मॅप असतील तर मतदार यादीतले वरचे तीन-चार उघडतो, कंटाळतो आणि त्यांतूनच एकाला मत देतो. मी या टप्प्याशी फार झगडलो आहे. यादीचा क्रम रोज बदलणे आणि ‘सगळे मॅप खेळा’ अशी विनंती करणे, हे दोन्ही उपाय निरुपयोगी आहेत. मतदाराने काय खेळायचे हे त्याच्यावर सोडायचेच नाही, हा एकच उपाय टिकतो.

त्यासाठी संच पाडावेत. समजा चोवीस प्रवेशिका आणि साठ मतदार आहेत. चोवीस क्रमांक पिसून त्यांचे सहा-सहांचे चार संच करावेत, की एक फेरी झाली. अशा पंधरा फेऱ्या केल्या की साठ संच होतात आणि प्रत्येक मॅप बरोबर पंधरा मतदारांकडे जातो, एकही कमी नाही की जास्त नाही. स्पर्धकाच्या संचात त्याचाच मॅप आला तर त्याच फेरीतल्या दुसऱ्या संचातल्या मॅपशी त्याची अदलाबदल करावी. दुसऱ्या फेरीला हात लावू नये, नाहीतर हिशेब बिघडतो. पिसण्याचे काम स्प्रेडशीटमधल्या, कसेही आकडे काढून देणाऱ्या रँड सूत्राने होते, परंतु ते आकडे शीटमध्ये काहीही बदलले की पुन्हा नव्याने निघतात, म्हणून पिसून होताच ते मूल्य म्हणून चिकटवावेत. हे न करता वाटप केले तर कोणाला कोणता संच दिला होता, हे संध्याकाळपर्यंत तुमचे तुम्हालाच सांगता येणार नाही.

सहा मॅप, प्रत्येकी पंधरा मिनिटे, म्हणजे दीड तास होतो. यापेक्षा जास्त वेळ कोणाकडून मागू नये. मतदाराने मॅप खरोखर खेळला हे कळण्यासाठी स्पर्धकाला आयोजकांनी दिलेला तीन अंकी आकडा मॅपमध्ये पाटीवर लावायला सांगावा आणि मतदाराने तो मतपत्रिकेत लिहावा. पाटीची जागा आयोजकांनी ठरवावी. यंदा एका मुलाने होळकरांचा राजवाडा रचला, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, हुबेहूब. अशा मॅपमध्ये पाटी दारातच लावली तर मतदार वर चढत नाही आणि सातव्या मजल्यावर लावली तर मधले काही न बघता जिन्याने धावत सुटतो. पाटी चौथ्या मजल्यावर, एखाद्या आतल्या खोलीत असावी.

काही संच परत येणार नाहीत, हे गृहीत धरावे. त्यासाठी पाच-सात राखीव मतदार हाताशी ठेवावेत आणि न आलेला संच जसाच्या तसा त्यांना द्यावा. स्पर्धकांना मात्र मतदान सक्तीचे करावे: स्वतःचा संच न भरणाऱ्याची प्रवेशिका बाद. याला कठोर म्हणणारे भेटतात, पण चोवीस खात्रीचे मतदार दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळत नाहीत.

मत ताऱ्यांत घेऊ नये. एक जण सगळ्यांना पाच तारे वाटतो, दुसरा तीनच्या वर जात नाही, आणि मग कोणता मॅप कोणाच्या संचात पडला यावर निकाल ठरतो. मतदाराने सहा मॅप पसंतीच्या क्रमाने लावावेत. पहिल्याला ५, दुसऱ्याला ४ आणि शेवटच्याला ०. ही मूळ पद्धत फ्रान्सचे गणिती बोर्दा यांनी १७७० मध्ये मांडली. तिच्यातली खोट जुनीच आहे: प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाला टाकता येते. संचपद्धतीत प्रतिस्पर्धी आपल्याच वाट्याला येईल याची शाश्वती नसते, आणि आला तरी एका माणसाच्या खोडसाळपणाने पंधरा मतांच्या सरासरीत जास्तीत जास्त ०.३३ गुणांचा फरक पडतो.

संच पाडणे शक्यच नसेल आणि मते असमान पडली असतील, तर निदान नुसत्या टक्केवारीवर जाऊ नये. पाचपैकी पाच पसंतीच्या मॅपला शंभर टक्के मिळतात आणि शंभरपैकी नव्वद पसंतीच्या मॅपला नव्वद, तरी भरवसा दुसऱ्याचाच अधिक. संख्याशास्त्रज्ञ विल्सन यांच्या १९२७ च्या सूत्राने ९५ टक्के विश्वासपातळीवर खालची मर्यादा, म्हणजे खरी पसंती ज्याच्या खाली बहुधा नसेल असा आकडा, काढली तर पहिल्याची सुमारे ५७ टक्के आणि दुसऱ्याची सुमारे ८३ टक्के येते. क्रम या मर्यादेवर लावावा.

मतदान चालू असताना कोणालाही आकडे दाखवू नयेत, आयोजकांच्या घरच्यांनाही नाही. गुणांची सरासरी सारखी आली तर ज्याला पहिली पसंती जास्त तो वर, तीही सारखी असेल तर बक्षीस विभागून द्यावे. हा नियम प्रवेशिका येण्याआधी लिहिलेला असावा. परीक्षक नेमायचे असतील तर त्यांचे बक्षीस वेगळे ठेवावे, दोन्ही गुण एकत्र मिसळू नयेत. निकालासोबत सर्व मतपत्रिका मतदारांची नावे काढून खुल्या कराव्यात आणि हरकतींसाठी दोन दिवस द्यावेत. हरकत फक्त मोजणीवर घेता येईल, आवडीनिवडीवर नाही. बक्षीस समारंभ विसर्जनाच्या आदल्या दिवशी असेल, तर मतदान त्याच्या निदान चार दिवस आधी बंद करावे.