लिबरल की कॉन्झर्व्हेटिव्ह, समोरचा युक्तिवाद नेमका कसा ओळखायचा

एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्या पोरांना लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह दोन्हीच्या व्याख्या तोंडपाठ असतात, पण एखादा अग्रलेख किंवा भाषण समोर ठेवून विचारलं की हे कुठल्या बाजूचं, तर तिथे गाडी अडते. आणि सोशल मीडियावर तर लिबरल ही शिवीच झालीये, तिकडून काही शिकायला मिळेल ही आशा सोडा. म्हणून ही एक पद्धत, मी स्वतः शिकवताना हीच वापरतो.

पहिलं काम म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव आणि पक्ष हाताने झाकायचा. खरंच झाका. नाव दिसलं की आपण आधीच ठरवून मोकळे होतो आणि मग वाचतो ते फक्त खात्री करून घ्यायला.

आता मजकूर वाचताना एकच प्रश्न विचारायचा, की इथे कारण कोणी द्यायचं असं गृहीत धरलंय? लिबरल माणूस व्यक्तीच्या मोकळीकीपासून सुरुवात करतो, म्हणजे बंधन घालायचं असेल तर घालणाऱ्याने कारण द्यावं. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये हेच मांडलं, की दुसऱ्याला इजा होत असेल तरच एखाद्यावर जबरदस्ती करता येते, त्याच्या भल्यासाठी म्हणून नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस चालत आलेल्या रीतीपासून सुरुवात करतो, त्यामुळे कारण द्यायचं ते बदल मागणाऱ्याने. ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने १७९० मध्ये फ्रेंच क्रांतीवर टीका करताना म्हटलं ते हेच, की संस्था पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बनतात, एका पिढीने स्वतःच्या अकलेवर विसंबून त्या मोडू नयेत. हा विचार मूर्खपणाचा अजिबात नाही, त्या क्रांतीचं पुढे काय झालं ते बघितलं की पटतं.

सरावासाठी माझ्या मते मराठीत सगळ्यात चांगला वाद म्हणजे १८९१ चं संमतिवयाचं बिल. बिल एवढंच होतं की शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा करायचं, म्हणजे त्याआधी नवऱ्याने संबंध ठेवला तरी तो गुन्हा. त्याच्या आदल्या वर्षी कलकत्त्यात फुलमणी दासीचा खटला गाजला होता, दहा-अकरा वर्षांची ती मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. पुण्यात यावरून रान पेटलं.

टिळकांचं म्हणणं नीट ऐका. बालविवाह चांगला आहे असं ते म्हणत नव्हते. उलट १८९० मध्ये त्यांनी सुधारकांपुढे प्रस्ताव ठेवला होता की मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करायची नाहीत, हुंडा घ्यायचा नाही, चाळिशीनंतर लग्न करायचं तर विधवेशीच, आणि हे ज्यांना मान्य असेल त्यांनी आधी स्वतःवर लागू करून घ्यावं. पण परक्या सरकारने कायद्याने आमच्या घरात हात घालायचा नाही, समाज शिक्षणाने हळूहळू बदलेल. हा अस्सल कॉन्झर्व्हेटिव्ह युक्तिवाद आहे, बदलाला विरोध नसून बदल कोण करतं आणि किती वेगाने करतं यावर सगळा भर.

आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला होता, ते मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचून तयार झालेले. त्यांचा सूर असा, की इजा त्या पोरीला होतेय ना, मग शास्त्रात काय लिहिलंय आणि सरकार कुणाचं आहे हे नंतर बघू, आधी तिला वाचवणारा कायदा करा.

इथे बरेच जण अडखळतात, कारण लिबरल म्हणजे सरकारची ढवळाढवळ नको म्हणणारा असं पुस्तकात असतं आणि इथे तर आगरकरच सरकारला बोलावतायत. म्हणून दुसरा प्रश्न, त्या माणसावर नेमकी सत्ता कुणाची चाललीये? सरकारची, नवऱ्याची, जातीची की मालकाची? त्या मुलीसाठी जाच घरातून होता, म्हणून तिच्या बाजूने उभं राहायचं तर घराच्या सत्तेला लगाम हवा. मी इथे आगरकरांच्या बाजूने आहे आणि ते लपवत नाही, एका पोरीचा जीव समाज सुधारेपर्यंत थांबू शकत नाही.

आणि संस्कृत पंडित रा. गो. भांडारकर बघा, त्यांनी बिलाला पाठिंबा दिला पण आधार दिला शास्त्रांचा. म्हणजे निष्कर्ष लिबरल आणि मांडणी परंपरेतली! असे लोक खूप भेटतील, त्यांना ओढूनताणून एका खोक्यात बसवू नका. बिल १९ मार्च १८९१ ला पास झालं.

यानंतर समाज आणि पैसा हे दोन विषय वेगळे करून वाचायची सवय लावा. १९५९ मध्ये राजाजींच्या (चक्रवर्ती राजगोपालाचारी) पुढाकाराने 'स्वतंत्र पक्ष' नावाचा पक्ष निघाला, लायसन्स-परमिट राजच्या, म्हणजे धंद्यासाठी सरकारी परवाने लागायच्या पद्धतीच्या विरोधात, म्हणजे अर्थकारणात पक्का लिबरल, पण राजाजी स्वतः धर्म-परंपरा मानणारे. उलट शेतकरी नेते शरद जोशींनी शेतमालावरची सरकारी बंधनं काढा म्हटलं आणि लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायलाही लावली, दोन्हीकडे मोकळीक.

परदेशी बातम्या वाचताना एक काळजी घ्या, नावावर जाऊ नका. ऑस्ट्रेलियातली लिबरल पार्टी तिकडची उजवी, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हकडे झुकणारी पार्टी आहे आणि अमेरिकेत मात्र लिबरल म्हटलं की डेमोक्रॅट्सकडे बोट दाखवतात.

आणि विचारवंतांनाही हीच फूटपट्टी लावा. मिलने आयुष्याची ३५ वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली आणि स्वातंत्र्याचं तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही असंही लिहून ठेवलं. कॉन्झर्व्हेटिव्हांचा बर्क मात्र बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर हिंदुस्थानातल्या जुलमाबद्दल महाभियोग चालवत होता, १७८८ पासून १७९५ पर्यंत! हेस्टिंग्ज सुटला, पण लढला बर्क.

एखादा खरंच लिबरल आहे का याची परीक्षा घ्यायची तर न पटणाऱ्या माणसाच्या बोलण्याबद्दल तो काय म्हणतो ते बघा. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या एका खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते.

आता हे स्वतः करून बघा. मुलींच्या होस्टेलला रात्री ठरावीक वेळेला गेट बंद, मुलांच्या होस्टेलला नाही, हा नियम घ्या. आधी नियमाच्या बाजूने अर्धं पान लिहा, आईवडिलांची काळजी, शहराची परिस्थिती, वर्षानुवर्षांची पद्धत सगळं धरून, आणि इतक्या मनापासून लिहा की रेक्टर मॅडम सही करतील. मग विरुद्ध बाजूने अर्धं पान लिहा आणि त्यात कारण कोणी द्यायला हवं, सत्ता कुणाची आणि इजा नेमकी कुणाला हे तिन्ही आलंय का ते पेन्सिलीने खुणा करून तपासा.