टोपोलॉजिकल इन्सुलेटर, चुंबक आणि अतिवाहक एकाच फिल्ममध्ये कसे आणावेत

या कामाची सुरुवात आयर्न टेल्युराइड आणि त्यावर वाढवलेले क्रोमियम-मिश्रित बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइड या जोडीने करावी, असे माझे ठाम मत आहे. वरचा थर टोपोलॉजिकल इन्सुलेटर आहे, म्हणजे आतून विद्युतरोधक पण पृष्ठभागावर वाहक; त्याच्या या वाहक टोपोलॉजिकल पृष्ठ-अवस्था आणि लोहचुंबकत्व तिथे एकत्र नांदतात. खालचे आयर्न टेल्युराइड एकटे असताना अतिवाहक नसते, मात्र दोन्ही थर भिडले की सुमारे 12 केल्विनला अतिवाहकता येते. त्यामुळे सगळे लक्ष आंतरपृष्ठावर, म्हणजे दोन थर भिडतात त्या सीमेवर, द्यावे.

स्ट्राँशियम टायटॅनेटचा सब्स्ट्रेट (ज्यावर थर वाढवायचे तो आधार) गरम निर्आयनीकृत पाण्यात व सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन ऑक्सिजनच्या प्रवाहात 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावा, म्हणजे अणूच्या उंचीच्या स्वच्छ पायऱ्या मिळतात. मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सीच्या (मूलद्रव्यांच्या बाष्पझोतांनी थरावर थर वाढवण्याच्या पद्धतीच्या) अतिनिर्वात चेंबरमध्ये आयर्न टेल्युराइड आधी वाढवावे, कारण त्याला जास्त तापमान लागते आणि त्या तापमानाला वरचा थर टिकणार नाही. नंतर सब्स्ट्रेट साधारण 200 ते 250 अंशांवर आणून, टेल्युरिअमचा प्रवाह इतर मूलद्रव्यांच्या कितीतरी पट ठेवून दुसरा थर चढवावा. टेल्युरिअम कमी पडले, तर जाळीत रिक्त जागा राहतात आणि विद्युतभार वाहक वाढतात. बिस्मथ टेल्युराइड सहसा एन-प्रकारचे (इलेक्ट्रॉन वाहक), अँटिमनी टेल्युराइड पी-प्रकारचे (धन विवर वाहक) असते, म्हणून दोहोंच्या प्रमाणावरून फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जापातळी) जुळवावी.

वाढ होत असताना इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या पडद्यावरून, म्हणजे पृष्ठभागावरून परतलेले इलेक्ट्रॉन जिथे रेषा उमटवतात तिथून, नजर हटवू नये. आयर्न टेल्युराइडची जाळी चौरस, वरची षटकोनी. तरीही थरांमधील बंध व्हॅन डर वाल्स प्रकारचे, म्हणजे दुर्बल, असल्याने वरचा थर आपलीच जाळी घेऊन वाढतो, आणि सुमारे 1 नॅनोमीटरच्या पहिल्या पंचस्तरातच (पाच अणुथरांच्या एककातच) रेषांमधील अंतर बदलते. रेषा धारदार राहिल्या तर पुढे जावे, ठिपके दिसू लागले तर पृष्ठभाग खडबडीत होत आहे असे समजून थांबावे. बाहेर काढण्यापूर्वी टेल्युरिअमचे पातळ आवरण द्यावे. लिथोग्राफीची उष्णता आणि रसायने टाळण्यासाठी हॉल बार (विद्युत मापनासाठीची पट्टी) सुईने ओरखडून आखावा आणि संपर्कांसाठी इंडियमचे ठिपके दाबावेत.

मापनात अतिवाहक तापमानाच्या वर असंगत हॉल परिणामाचे (चुंबकत्वामुळे प्रवाहाला आडव्या दिशेत येणाऱ्या व्होल्टेजचे) हिस्टेरेसिस वलय आणि खाली शून्य रोध, असे दोन्ही दिसायला हवे. अशा फिल्ममध्ये मायोराना कण (स्वतःच स्वतःचा प्रतिकण असणारा) शोधला जातो; पण अर्ध-क्वांटित पठार, म्हणजे चालकता तिच्या क्वांटम एककाच्या निम्म्यावर स्थिरावणे, दिसले म्हणून मात्र तो सापडला असे जाहीर करू नये: 2017 मधील तसा गाजलेला दावा 2022 मध्ये मागे घेण्यात आला, आणि 2020 मधील प्रयोगांनी असे पठार केवळ अतिवाहकाशी झालेल्या चांगल्या विद्युत संपर्कातूनही येते हे दाखवले होते. म्हणून संपर्करोध मोजून नोंदवल्याशिवाय पठाराचा अर्थ लावायला बसू नये.