वेब गॅलरीत मूळ आकाराचे फोटो चढवताना या चुका टाळा

सारंगखेड्याच्या यात्रेत टिपलेले घोड्यांचे फोटो मी एका वर्षी ऑनलाइन गॅलरीत चढवले आणि मूळ फोटो तिथे सुरक्षित आहेत, असे धरून चाललो. पुढे एका घोडेमालकांनी १२ बाय १८ इंची प्रिंट मागितली, तेव्हा गॅलरीतूनच फाइल उतरवून लॅबला दिली. प्रिंटमध्ये आयाळीचा एकही केस सुटा दिसत नव्हता. कॅमेऱ्यातली फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची होती, उतरवलेल्या फाइलची लांब बाजू मात्र २०४८ पिक्सेलच भरली. १८ इंचांवर एवढे पिक्सेल पसरले की इंचाला जेमतेम ११४ येतात. चांगल्या प्रिंटसाठी साधारण ३०० लागतात.

चूक माझीच होती. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्टची, म्हणजे तयार फोटोची फाइल बाहेर काढण्याची, मागच्या वेळची सेटिंग तशीच राहते, आणि आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपसाठी फोटो लहान करताना आकार बदलण्याच्या पर्यायापुढे लावलेली खूण मी काढलीच नव्हती. म्हणून प्रत्येक वेळी ती खूण आधी पाहावी.

यावर उपाय म्हणून अनेक जण फॉरमॅटमध्ये ‘ओरिजिनल’ निवडतात, पण तिथे वेगळीच फसगत होते. त्या पर्यायाने कॅमेऱ्यातल्या फाइलची प्रत निघते. तुम्ही उजळलेल्या सावल्या आणि सुधारलेला रंग त्या चित्रात उतरत नाही, आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) असेल तर ब्राउझर ती सहसा दाखवतच नाही. एडिट केलेला फोटो पूर्ण आकारात हवा असेल, तर जेपेग, ९० च्या पुढची क्वालिटी आणि एसआरजीबी हा वेबवर चालणारा रंगसंच निवडून आकार बदलण्याचा पर्याय बंद ठेवावा. अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगसंचातले फोटो काही ठिकाणी फिके दिसतात.

एवढे करूनही गॅलरी स्वतः फोटो लहान करू शकते. गूगल फोटोजमध्ये जागा वाचवणारा पर्याय चालू असेल, तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६ वर आणला जातो, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे काम तिथेच कमी होते. वेबसाइट बनवण्याचे सॉफ्टवेअर वर्डप्रेसही ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची लहान प्रत करून तीच पानावर वापरते.

मूळ फाइलसोबत जीपीएसची नोंदही जाते, हे सातपुड्यात पक्षी टिपणाऱ्यांनी तरी विसरू नये. १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडलेल्या रानपिंगळा या दुर्मीळ घुबडाच्या घरट्याचा पत्ता फोटोतून सर्वांना देणे मला मुळीच पटत नाही. एक्स्पोर्ट करतानाच स्थानाची माहिती काढून टाकावी.

राहिला वेगाचा प्रश्न. दहा एमबीचे ५०० फोटो म्हणजे पाच जीबी. पाच एमबीपीएस (सेकंदाला पाच मेगाबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) अपलोडला त्यासाठी सव्वादोन तास लागतात. गावाकडे तेवढ्यात वीज जाऊ शकते, म्हणून पन्नास-पन्नासचे गठ्ठे करावेत आणि प्रत्येक गठ्ठ्यानंतर संख्या जुळवावी. पहिल्या गठ्ठ्यातला एक फोटो गॅलरीतून परत उतरवून त्याचे पिक्सेल आणि एमबी एक्स्पोर्ट केलेल्या फाइलशी ताडून पाहावेत, आणि दोन्ही जुळल्यावरच पुढचा गठ्ठा लावावा.