गावात फायबर, म्हणजे इंटरनेटची तार, मागायला जायच्या आधी एवढी तयारी करून ठेवा

बेटम्याच्या पुढे आमचं गाव, आईबाबा तिकडेच असतात, मी इंदूरला सुदामा नगरात. मागच्या रब्बीत गव्हाच्या नोंदणीचा ओटीपी यावा म्हणून बाबा बहात्तराव्या वर्षी फोन घेऊन गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढले होते, आईने खालून शिडी धरलेली, हे मला नंतर कळलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून गावात इंटरनेटची तार आणायच्या मागे आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं घर इंदूरात आणि शेती-माणसं गावाकडे असं आहे म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितोय, येत्या ग्रामसभेआधी आणि नंतर मंगळवारच्या जनसुनवाईला, म्हणजे कलेक्टोरेटमधल्या तक्रारींच्या सुनावणीला, जाताना कामाला येईल.

सगळ्यात आधी मनाची तयारी, कारण आपण लोक जाताना हात जोडूनच जातो. टेलिकॉम कंपन्यांच्या कमाईवर, म्हणजे एजीआरवर, सरकार ८ टक्के लायसन्स फी घेतं आणि त्यातला ५ टक्क्यांचा हिस्सा खेड्यापाड्यात सेवा पोचवायच्या फंडात जातो. २००२ पासून हे चालू आहे, आधी यूएसओ फंड म्हणायचे, २०२३ च्या नव्या टेलिकॉम कायद्यानंतर त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. कंपनीची कमाई म्हणजे शेवटी आपले रिचार्जच ना? म्हणजे गावात येणारी तार कोणी उपकार म्हणून टाकत नाहीये, तिचे पैसे बाबांनी आणि शेजारच्या काकांनीही भरलेत, हे डोक्यात पक्कं असू द्या म्हणजे साहेबासमोर आवाज आपोआप नीट निघतो.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो तो मुद्दा. भारतनेट म्हणजे खेड्यापाड्यात इंटरनेटची तार न्यायची केंद्राची योजना, मूळ २०११ ची, त्यात तार ग्रामपंचायतीपर्यंत यायची होती, बस. पंचायत एका गावात आणि तुम्ही तिच्याच दुसऱ्या गावात दोन-तीन किलोमीटरवर असाल तर तुमच्यासाठी त्यात काहीच नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅबिनेटने सुधारित भारतनेट मंजूर केलं, १,३९,५७९ कोटींचं, त्यात पंचायती रिंगमध्ये जोडायच्या म्हणजे एकीकडून तार तुटली तरी दुसरीकडून चालू राहील, आणि पंचायतीबाहेरच्या साधारण ३.८ लाख गावांना जोडणी द्यायची पण ती ‘ऑन डिमांड’. मागितली तर. आमच्या गावातून कोणी लेखी मागितलीच नव्हती, सगळे चौकात बसून नेटवर्कला शिव्या देत होते, आणि शिव्यांना आवक नंबर मिळत नाही!

तर डिमांड कागदावर आणायला घरांची यादी करा. घरमालकाचं नाव, मोबाईल नंबर, सही किंवा अंगठा, आणि महिन्याला किती भरायला तयार आहात तेही विचारून लिहा, कारण कनेक्शन घेणारी घरं किती हे प्रत्येक जण विचारतो. शाळा, आंगणवाडी, सोसायटी वेगळी लिहा. वर पंचायतीचा एलजीडी कोड, म्हणजे सरकारी यादीतला तिचा नंबर, टाका, सचिवांकडे असतो, एकाच नावाची चार गावं असतात तेव्हा याच्याशिवाय कागद भलतीकडे जातो. ग्रामसभेत ठराव घ्या आणि तो कार्यवाही रजिस्टरमध्ये चढला का ते स्वतः बघून त्याची नक्कल घ्या, नुसतं ‘हो हो लिहून घेतो’ यावर उठू नका. अर्ज हिंदीत लिहा.

मग पंचायतीच्या खोलीतलं भारतनेटच्या तारेचं यंत्र बघायला जा, हे फार लोक करत नाहीत. आमच्याकडे ते कपाटाच्या वर होतं, एवढंसं पांढरं खोकं, त्याच्यावर जुनी मतदारयादी ठेवलेली आणि प्लग काढून तिथे पंखा लावलेला. एकही लाईट लागत नसेल तर वीजच नाहीये, तो पंचायतीचा प्रश्न, तो १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाईनवर, टाका. वीज आहे पण एलओएसचा लाल दिवा लुकलुकतोय तर प्रकाशच येत नाहीये, म्हणजे तार कुठेतरी तुटली आहे किंवा वाकली आहे, हा तार सांभाळणाऱ्याचा प्रश्न. नव्या योजनेत बांधणाऱ्या एजन्सीनेच १० वर्षं देखभाल करायची आहे आणि पैसे ठरलेल्या सेवेच्या हिशोबाने मिळायचेत, त्यामुळे तार किती दिवस बंद होती याची तारीखवार नोंद फार मोलाची, वहीत लिहा आणि दिव्याचा फोटो काढा.

मोबाईल कंपन्यांचं खातं वेगळं, त्या अर्जात हे मिसळू नका. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमांनी कंपन्यांना आपला कव्हरेज नकाशा वेबसाईटवर टाकावा लागतो. आपल्या घरावर फोर-जी दाखवलंय का बघा, स्क्रीनशॉट काढा, आणि त्याच जागी उभं राहून ट्रायच्या मायस्पीड ॲपवर सकाळ, दुपार, रात्र असे तीन-चार दिवस टेस्ट घ्या. फिक्स लाईनचं कनेक्शन असेल तर हेही लक्षात ठेवा की जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवायला कमीत कमी २ एमबीपीएस लागतं, आधी ५१२ केबीपीएस पुरायचं. तक्रारीचा डॉकेट नंबर जपा. माझी तक्रार एका कंपनीने न विचारता ‘समाधान झाले’ म्हणून बंद केली होती, मला राग आला पण नंबर होता म्हणून अपील करता आलं, कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे करायचं असतं, ३० दिवसांत. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी घेत नाही, तिकडे चकरा मारू नका.

एक आरटीआयही तयार ठेवा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, केंद्राच्या पोर्टलवरून दूरसंचार विभागाला जातो. लांब भाषण नको, तीनच प्रश्न: आमची पंचायत ‘सर्व्हिस रेडी’ (सेवा द्यायला तयार) कधी दाखवली, त्यानंतर किती दिवस चालू होती, देखभाल कोणाकडे आहे.

गावात एखादा हुशार मुलगा बघून ठेवा, केबलवाला, सीएससीवाला (सरकारी ऑनलाईन कामांचं केंद्र चालवणारा) कोणीही. भारतनेट उद्यमी म्हणून घराघरात जोडण्या देणाऱ्याला कमाईत अर्धा वाटा मिळतो, आणि तार तुटल्यावर रात्री जाणारा माणूस गावातलाच लागतो, इंदूरहून कोणी येत नाही.

मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टोरेटमध्ये अर्जाच्या तीन प्रती, त्यातली एक आपली, त्यावर शिक्का आणि तारीख घ्यायची. चार माणसं तरी या, दोन बायका असू द्या, ज्यांची मुलं रात्री गच्चीवर अभ्यास करतात त्यांनी स्वतः बोलावं. आमच्याकडून बाबा येणार आहेत, वहीसकट. गंगवाल स्टँडवर साडेनऊला भेटतो, आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत आपापल्या पंचायतीतल्या खोक्याचा फोटो मला पाठवा, प्लगसकट.