भूवैज्ञानिकांच्या जुन्या पत्रांची तारीख कशी लावावी

एकोणिसाव्या शतकातल्या पत्रांवर पुष्कळदा नुसतं 'मंगळवार' असतं. आधी कागद बघा. ब्रिटनमध्ये 1840 पूर्वी टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे; म्हणून पाकीट नाही, घडीच्या बाहेरच पत्ता, आणि जागा संपली की लिहिलेल्या ओळींवरच आडव्या ओळी. असं पान तिरकं धरून एका वेळी एकाच दिशेच्या ओळी उतरवा, नाहीतर शब्द सरमिसळ होतात.

खरा पुरावा मजकुरात सापडतो. भूवैज्ञानिक मर्चिसनने खडकांच्या एका कालखंडाला 'सिल्युरियन' हे नाव 1835 मध्ये दिलं, दुसऱ्याला 'पर्मियन' 1841 मध्ये. भूवैज्ञानिक लॅपवर्थचं 'ऑर्डोव्हिशियन' (ज्याला आधी 'लोअर सिल्युरियन' म्हणत) 1879चं. शब्द आला, तर पत्र साधारणपणे त्यानंतरचं. शब्द नाही म्हणून पत्र आधीचं, असा उलटा तर्क मात्र करू नका: जुनी मंडळी पुढेही कित्येक वर्षं 'लोअर सिल्युरियन'च लिहीत होती.

रशियातून आलेल्या पत्रात हमखास चूक होते. तिथलं पंचांग तेव्हा पश्चिम युरोपच्या पंचांगापेक्षा 12 दिवस मागे होतं. '10/22 मार्च' असं दिसलं तर दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या. एकच असेल तर पोचल्याच्या शिक्क्याशी ताडून बघा. मूळ तारीख जशीच्या तशी नोंदवा, तुमची दुरुस्ती चौकटी कंसात.