परदेशातल्या काकाकडे जायचंय? सातबारा फक्त व्हिसाच्या फाईलमधी ठेवा

आमचे काका १९८९ साली अमेरिकेत न्यू जर्सीला गेले, मग इकडं वाटणीवरून बोलचाल बंद झाली ती बारा-तेरा वर्षं. मागच्या वर्षी मी आईले घेऊन त्यांच्याकडं जाऊन आलो. वरूडकडच्या दोघातिघांनी विचारलं कसं केलं म्हणून, तर एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिली गोष्ट, तिकिटाच्या आधी फोन. आणि पहिल्याच फोनवर "आम्ही येऊ का" म्हणू नका, समोरच्याले वाटते काहीतरी काम काढलं यांनी. दिवाळीले करा, कोणाच्या लग्नाचं सांगायले करा, आणि बोलायले घरातलं म्हातारं माणूस बसवा. आमच्या आईनं पहिल्याच फोनवर काकूले विचारलं, "तुमच्या आई कशा हायेत?" त्यांले जाऊन तीन वर्षं झाली होती, आमच्यापर्यंत निरोपच आला नव्हता. म्हणून वहीचं एक पान घ्या, कोणाचं लग्न कुठं झालं, लेकरांची नावं काय, कोण गेलं, हे मावशी-आत्याले विचारून आधी लिहून काढा.

आता व्हिसा. पासपोर्ट, आधार, बँक सगळीकडं नाव एकसारखं आहे का ते पाहा, आपल्याकडच्या बायांचं माहेरचं-सासरचं नाव हमखास अडकते. डीएस-१६० म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म ऑनलाइन भरा, त्यात नातेवाईक तिकडं आहेत का विचारतात तिथं लपवालपवी नको. आम्ही रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसनं मुंबईले गेलो. बोटांचे ठसे एका ठिकाणी आणि मुलाखत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) अमेरिकेच्या कॉन्सुलेटमधी, तिथं मोबाईल आत नेता येत नाही हे ध्यानात ठेवा. सातबारा, बँक स्टेटमेंट सगळं नेलं होतं, कोणी पाह्यलंसुद्धा नाही, पण शेती-घर इथं आहे म्हणजे आपण परत येणार हे तोंडानं तरी नीट सांगता आलं पाहिजे. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी एका खेपेत किती दिवस राहायचं ते तिकडच्या विमानतळावरचा ऑफिसर ठरवते.

बॅगेत कुरडया, सांडगे, जवसाची चटणी चालते, फक्त तिकडं उतरल्यावर खायचं सामान आहे असं सरळ सांगायचं. संत्री नाही, कोणतंच ताजं फळ नाही, तांदूळबी नाही. आणि दुबईवरून जात असाल त खसखस चुकूनही नको, तिथं खसखशीवर बंदी आहे. आईनं अनारसे केले होते वरून खसखस लावून, ते आदल्या रात्री आम्हीच घरी बसून खाल्ले. बीपीच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत, इन्शुरन्स काढाच, आणि आईसाठी तिकिटासोबतच व्हीलचेअर सांगून ठेवा, लाजू नका.

खरी परीक्षा घरात गेल्यावर असते. दोन-तीन आठवडे पुरे. काका-काकू दोघं सकाळी कामावर जातात, आपण दिवसभर सोफ्यावर बसून राह्यलो त चार दिवसांत अवघडल्यासारखं होते, म्हणून एक काम आपल्याकडं घ्या. आईनं संध्याकाळचा पिठलं-भाकरीचा ठेका घेतला. नातवंडांले मराठी येत नाही म्हणून टोमणे मारू नका, त्यांले समजते सगळं.

मी जुन्या घराचे फोटो मोठे प्रिंट करून नेले होते, मोबाईलमधले कोणी धड पाहत नाही. काकांनी ओसरीच्या फोटोवर बोट ठेवलं, म्हणे, "हा कोनाडा बुजवला काहून बे? आजीचा दिवा राहे तिथं." मग रात्री एक वाजेपर्यंत तेच कोनाडा, विहीर, बैलं. वाटणीचा शब्द त्यांनीच काढला, तिसऱ्या आठवड्यात, आम्ही फक्त ऐकलं. हक्कसोडपत्रावर, म्हणजे वाटणीतला हक्क सोडल्याच्या कागदावर, सही घ्यायची म्हणून जात असाल त त्यांले जायच्या आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर तो कागद घरीच ठेवून जा. जेवता जेवता कागद पुढं केला की कुरडयांचाही वास त्यांले त्याच कामाचा येईल.

परत आल्यावर फोनचा एक वार धरा. आमचा रविवार, आपल्याकडं रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात तिकडं सकाळचे साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागं जाते, मग आठ वाजता लावला की तिकडं साडेनऊच झालेले असतात आणि काका अजून आंघोळीतच असतात, त काकूसोबत बोलत राहायचं.