रस्त्याखालून ऑप्टिकल फायबर टाकण्याची परवानगी कशी द्यावी: नगरपालिका व महानगरपालिकांसाठी मार्गदर्शन

शहरात ऑप्टिकल फायबरचे जाळे उभारण्यासाठी एखाद्या खासगी कंपनीचा अर्ज येतो, तेव्हा आपल्या हातात नेमके काय आहे हे नगरपालिकेने आधी नीट समजून घ्यावे. इंटरनेट सेवा विकण्याचा परवाना नगरपालिका देत नाही. तो केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग देतो. इंटरनेट पुरवठादारांना आजवर अ, ब आणि क अशा श्रेणींमध्ये, म्हणजे देशभरासाठी, एका सर्कलसाठी (साधारण एका राज्याएवढ्या दूरसंचार क्षेत्रासाठी) किंवा त्याहून लहान क्षेत्रासाठी परवाने मिळत आले आहेत. ज्या कंपन्या स्वतः सेवा न देता फक्त डक्ट (केबल ओवण्याची नळी), डार्क फायबर (टाकलेले पण अजून वापरात न आणलेले फायबर) किंवा टॉवर उभारून इतरांना भाड्याने देतात, त्या आयपी-१ या नोंदणीखाली काम करत आल्या आहेत. नगरपालिका जी परवानगी देते ती रस्ता वापरण्याची, म्हणजेच ‘राइट ऑफ वे’ची. ही परवानगी अनेक ठिकाणी किरकोळ समजली जाते आणि एका शिक्क्यासरशी दिली जाते. प्रत्यक्षात पुढची अनेक वर्षे त्या रस्त्याखाली काय असेल, कुठे असेल आणि ते दुरुस्त कोण करील, हे सगळे याच कागदावर ठरते. अटी घालण्याची खरी वेळ कुदळ पडण्यापूर्वीची असते; एकदा चर खोदला गेला की नगरपालिकेचे म्हणणे कोणी फारसे ऐकत नाही.

कायद्याची चौकट

पूर्वी या विषयाला १५ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित झालेले ‘इंडियन टेलिग्राफ राइट ऑफ वे’ नियम लागू होते. दूरसंचार अधिनियम २०२३ आल्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये नवे नियम प्रसिद्ध झाले आणि ते १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले. तेव्हा टेबलावर ठेवायचे ते नवे नियम. जुन्या नियमांच्या झेरॉक्स प्रती फायलीतून काढून टाकाव्यात. या चौकटीतल्या तीन गोष्टी कायम लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे अर्जावर निर्णय देण्यास मुदत आहे. २०१६ च्या नियमांत ती ६० दिवसांची होती आणि नव्या नियमांतही मुदतबंदी कायम आहे. मुदत उलटली तर परवानगी मिळाली असे मानले जाते. ही मानीव परवानगी नगरपालिकेची एकही अट न घालता मिळालेली असते. कोणाच्या तरी टेबलावर फाइल पडून राहणे म्हणजे अर्ज रोखणे नव्हे, तर अटी घालण्याचा हक्क सोडून देणे होय. दुसरी गोष्ट अशी की अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावे आणि अर्जदाराला आपली बाजू मांडू द्यावी. तिसरी गोष्ट अशी की सार्वजनिक जागेवरील ही परवानगी भेदभाव न करता आणि कोणा एकाची मक्तेदारी न होऊ देता द्यायची असते. ‘या प्रभागात अमुकच कंपनीचे फायबर’ असा ठराव कोणत्याही सभागृहाने केला तरी तो टिकणार नाही.

अर्ज ऑनलाइन येतात. त्यासाठी केंद्राने मे २०२२ मध्ये ‘गतिशक्ती संचार’ पोर्टल सुरू केले. पोर्टलवर आलेल्या अर्जाची तारीख हीच मुदत मोजण्याची तारीख असल्याने, पथ विभागातील एका अभियंत्यावर ते रोज उघडून पाहण्याची जबाबदारी नावानिशी सोपवावी.

अर्जाची छाननी

सर्वप्रथम अर्जदाराचा परवाना किंवा नोंदणी तपासावी, आणि अर्ज करणारी कंपनी व परवानाधारक कंपनी एकच आहे ना, हे पाहावे. पुष्कळदा अर्ज मुख्य कंपनीच्या नावाने येतो, काम ठेकेदार करतो आणि जागेवर असतो तो उपठेकेदाराचा मुकादम. या तिघांपैकी जबाबदार कोण, याचे उत्तर परवानगीपत्रातच असले पाहिजे. मार्गाचा नकाशा रस्त्याच्या नावासह, लांबी मीटरमध्ये आणि चर रस्त्याच्या कोणत्या बाजूला असणार याच्या उल्लेखासह मागावा. ‘चौक ते चौक’ एवढेच लिहिलेला अर्ज अपूर्ण समजून लगेच परत पाठवावा. ‘लगेच’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण पन्नासाव्या दिवशी काढलेली त्रुटी कोणालाच न्याय्य वाटत नाही.

संयुक्त पाहणी

संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते या टप्प्याकडे, आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होते. कागदावरचा नकाशा आणि रस्त्याखालची वस्तुस्थिती यांचा मेळ क्वचितच बसतो. एका जुन्या पेठेतल्या रस्त्यावर माझ्या देखरेखीखाली झालेल्या कामात, आमच्याच कार्यालयातील नकाशात जलवाहिनी रस्त्याच्या डाव्या हाताला दाखवली होती. त्यामुळे फायबरचा मार्ग उजव्या हाताने आखला. रात्री दोन वाजता ड्रिलचे टोक उजव्या बाजूच्या वाहिनीत घुसले आणि खड्ड्यातून गढूळ पाणी उसळून वर आले. सकाळी बायका कळशा घेऊन नळापाशी उभ्या होत्या आणि गल्लीभर नळ कोरडे होते. वाहिनी अनेक वर्षांपूर्वी बदलली गेली होती. नकाशा मात्र कोणीच बदलला नव्हता. चूक ठेकेदाराची नव्हती, आमची होती, आणि तेव्हापासून नकाशावर विसंबून मी एकाही परवानगीवर सही केलेली नाही.

म्हणून पाहणीला पाणीपुरवठा, मलनिःसारण, विद्युत, महावितरण, गॅस कंपनी आणि वाहतूक पोलीस या सर्वांना एकाच दिवशी बोलवावे. प्रत्येकाने आपली वाहिनी रस्त्यावर रंगाने आखून दाखवावी आणि त्याची छायाचित्रे अक्षांश-रेखांशासह फायलीत लावावीत. जिथे शंका असेल तिथे दीड-दोनशे मीटरवर हाताने चाचणी खड्डे घ्यावेत. मशिनने घेऊ नयेत. पिवळी गॅसवाहिनी जेसीबीच्या दाताला लागते तेव्हा ती वाचवायला वेळ मिळत नाही. कुदळीने खोदणारा माणूस मात्र पिवळा रंग दिसताच थांबतो. गॅसवाहिनीजवळचे काम गॅस कंपनीचा माणूस जागेवर असल्याशिवाय सुरू होणार नाही, ही अट बिनशर्त असावी.

याच्या जोडीला ‘कॉल बिफोर यू डिग’ या अ‍ॅपवर खोदाईची नोंद करणे बंधनकारक करावे. केंद्राने हे अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये आणले. खोदणाऱ्याने जागा नोंदवली की तिथे ज्यांच्या वाहिन्या नोंदलेल्या आहेत त्या संस्थांना सूचना जाते. अ‍ॅप आणताना सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार देशात दरवर्षी सुमारे १० लाख वेळा फायबर तुटते आणि त्यामुळे सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते. फायबर टाकणाऱ्या कंपन्यांचे हित इथे नगरपालिकेच्या हिताशी जुळते, त्यामुळे ही अट त्या सहसा विनातक्रार मान्य करतात. नगरपालिकेने स्वतःची खोदाईही या अ‍ॅपवर नोंदवायला हवी.

एकदाच खोदाई

एका कंपनीचा अर्ज आला की मंजुरीपूर्वी इतर परवानाधारकांना लेखी कळवावे की अमुक रस्ता अमुक महिन्यात खोदला जाणार आहे आणि ज्यांना तिथे डक्ट टाकायचे असतील त्यांनी ठरावीक मुदतीत कळवावे. त्यांचे अर्ज एकत्र करून चर एकच घ्यावा आणि खर्च लांबीच्या व डक्टच्या प्रमाणात वाटून द्यावा. काँक्रिटीकरण होणाऱ्या रस्त्यांची वर्षभराची यादी आधीच जाहीर करावी, म्हणजे फायबरवाले काँक्रिट पडण्यापूर्वी येतील. नवा रस्ता करताना नगरपालिकेने स्वतःचे दोन-चार रिकामे डक्ट टाकून ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. रस्त्याच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम नगण्य असते आणि पुढच्या प्रत्येक अर्जदाराला खोदाईऐवजी डक्ट भाड्याने देता येतो. स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्वतःची स्टोकॅब ही कंपनी काढली. तिने शहरभर डार्क फायबर टाकले आणि ते सर्व सेवा पुरवठादारांना सारख्याच अटींवर भाड्याने दिले. आपल्याकडे प्रत्येक नगरपालिकेला एवढी झेप घेता येणार नाही, पण रिकामे डक्ट प्रत्येकीच्या आवाक्यातले आहेत.

खोदाईची पद्धत

डांबरी किंवा काँक्रिटच्या रस्त्यावर आडवे ड्रिलिंग, म्हणजे एचडीडी, हीच सर्वसाधारण पद्धत ठेवावी आणि उघडा चर पदपथावर किंवा रस्त्याच्या कडेच्या मातीतच मान्य करावा. एचडीडीतही दर काही अंतरावर खड्डे लागतात. त्यांची संख्या, माप आणि जागा परवानगीत लिहावी, नाहीतर ‘खोदाई नाही’ असे म्हणत म्हणत रस्ता खड्ड्यांनी भरून जातो. अलीकडे अरुंद आणि उथळ खाच पाडून फायबर टाकण्याचे प्रस्तावही येतात. काम झटपट होते आणि वाहतूक फारशी अडत नाही, हे खरे. पण अमेरिकेतील लुइव्हिल शहरात काय झाले ते असा प्रस्ताव मान्य करण्यापूर्वी जरूर वाचावे. तिथे गुगल फायबरने जेमतेम दोन इंच खोल खाचांमधून केबल टाकली. खाचा बुजवणारे सीलंट उखडले, केबल रस्त्यावर उघडी पडली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने शहरातली सेवाच बंद केली. रस्ते पूर्ववत करण्यासाठी तिने शहराला ३८.४ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. शहराला पैसे मिळाले ते करारात तशी तरतूद असल्याने. आपल्या मुसळधार पावसात आणि दरवर्षी डांबराचे थर चढणाऱ्या रस्त्यांवर उथळ खाच टिकेल, असे मला वाटत नाही.

शुल्क, अनामत आणि अटींची भाषा

प्रशासकीय शुल्क नियमांनी ठरवून दिले आहे; २०१६ च्या नियमांत त्याची कमाल मर्यादा किलोमीटरमागे १,००० रुपये होती. महसूल वाढवण्याचे साधन म्हणून फायबरकडे पाहण्याचा मोह सभागृहाला होतो, पण ते कायद्यात बसत नाही. केंद्रीय अधिनियमानुसार दूरसंचार जाळे हे ज्या मालमत्तेवर बसवले आहे तिचा भाग मानले जात नाही, त्यामुळे मालमत्ता करातूनही काही मिळणार नाही. नगरपालिकेला मागता येतो तो रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च. तो कंपनी आगाऊ भरू शकते किंवा स्वतः काम करण्याची हमी देऊन त्यासाठी बँक हमी ठेवू शकते. शुल्कात दोन पैसे जास्त मिळवण्यापेक्षा ही बँक हमी योग्य रकमेची, वेळेत नूतनीकरण होणारी आणि दोषदायित्व कालावधी (काम सदोष निघाल्यास कंपनीने ते स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा काळ) संपेपर्यंत जिवंत असणारी असावी, याकडे लक्ष द्यावे. बँक हमीची मुदत संपत आल्याचे कोणाच्या लक्षातच न आल्याने रस्त्याचा खर्च नागरिकांच्या माथी बसतो.

अटींमधला प्रत्येक शब्द मोजमापात उतरवावा. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये व्हेरायझन या दूरसंचार कंपनीला जी फ्रँचायझी (शहरात सेवा देण्याचा करार) दिली, तिच्यानुसार २०१४ च्या मध्यापर्यंत शहरातील सर्व घरांजवळून फायबर जायला हवे होते. घराजवळून फायबर ‘गेले’ म्हणजे नेमके काय, यावरच पुढे वाद पेटला. २०१५ च्या लेखापरीक्षणात शहराने कंपनीवर करारभंगाचा ठपका ठेवला, २०१७ मध्ये दावा ठोकला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आणखी पाच लाख घरांपर्यंत फायबर नेण्याच्या बोलीवर तडजोड झाली. आपल्याकडे सेवा कुठवर पोहोचावी याची अट नगरपालिका घालू शकत नाही, पण ‘रस्ता पूर्ववत करणे’ या शब्दांचाही तसाच कीस निघू शकतो. म्हणून थरांची जाडी, खडीचा प्रकार, डांबराची जाडी आणि मूळ पृष्ठभागाशी समपातळी हे सारे आकड्यांत लिहावे.

काम चालू असताना

काम बहुतेक रात्री चालते, म्हणून पाहणीही रात्रीच करावी. चर बुजवताना खोदलेली मातीच परत लोटली जात असेल तर तिथेच थांबवावे. त्या मातीत प्लास्टिकच्या पिशव्या, विटांचे तुकडे आणि ओला चिखल असतो; वरून डांबराचा पट्टा मारला की आठवडाभर सगळे छान दिसते. भराव पंधरा ते वीस सेंटिमीटरच्या थरांत पडला पाहिजे, प्रत्येक थरावर पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टर फिरला पाहिजे आणि डक्टच्या वर इशारा देणारी पट्टी अंथरली गेली पाहिजे. कनिष्ठ अभियंत्याने पहार टोचून पाहावी: पहार हाताच्या जोराने सहज आत गेली तर थर दाबलेला नाही. प्रत्येक थराचे छायाचित्र मापपट्टीसह घ्यावे आणि त्याची नोंद माप पुस्तिकेत त्याच रात्री करावी.

जागेवर कंपनीचे नाव, परवानगी क्रमांक, मुदत आणि तक्रारीसाठीचा दूरध्वनी मराठीत लिहिलेला फलक असावा. परवानगीची प्रत जागेवर नसेल तर काम बंद, हा नियम एकदा जरी खरोखर पाळला गेला तरी पुढच्या सगळ्या ठेकेदारांना तो पाठ होतो. पावसाळ्यापूर्वी खोदाई थांबवण्याची तारीख परवानगीतच छापावी आणि त्या तारखेला उघडा राहणारा प्रत्येक चर नगरपालिकेने स्वतः बुजवून खर्च बँक हमीतून वसूल करावा.

काम संपल्यावर

अंतिम नकाशा, म्हणजे काम प्रत्यक्षात जिथे आणि जितक्या खोलीवर झाले त्याचा नकाशा, डिजिटल स्वरूपात आल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. तो शहराच्या जीआयएस (संगणकीय नकाशा) प्रणालीत चढवून पाणीपुरवठा आणि मलनिःसारण विभागांनाही उघडता येईल असे करावे. या नकाशाच्या आधारे दोन-तीन ठिकाणी लोकेटरने (जमिनीखालची वाहिनी शोधणाऱ्या उपकरणाने) तपासणी करावी, कारण मंजूर आराखड्याचीच प्रत ‘अंतिम’ म्हणून जोडण्याची सवय सर्वत्र आहे. ड्रिलिंगमध्ये फुटलेल्या घरगुती नळजोडण्या आणि तुंबलेल्या गटारांच्या तक्रारी दाखल्यापूर्वी मिटलेल्या असाव्यात.

बँक हमी मात्र दाखल्याबरोबर सोडू नये. निदान एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. ऑक्टोबरमध्ये त्याच अभियंत्याने त्याच रस्त्यावरून चालत जावे, खचलेल्या पट्ट्यांची लांबी मोजावी आणि दुरुस्तीची नोटीस बजावावी. दुरुस्तीनंतर पुन्हा पाहणी करून, दोषदायित्व कालावधी संपल्यावरच हमी परत करण्याच्या टिपणीवर सही करावी.